माती न चिकटणारा चट्टा : एका पैलवानाचं प्रकरण

पहिल्या भेटीच्या केसपेपरवर माझ्या अक्षरात एक ओळ आहे : "उजव्या हातावर एक चट्टा, खाज नाही – स्टेरॉइडने दबलेला गजकर्ण." त्यातलं निदान चुकीचं होतं, निरीक्षण बरोबर होतं. सहा आठवडे मी निदानाला धरून राहिलो आणि निरीक्षण समोर असून वाचलं नाही. या प्रकरणात सांगण्यासारखं मुख्य तेवढंच आहे. बाकीचा तपशील विस्ताराने लिहितोय, कारण ओपीडीत अशी चूक कशी होते ते तपशिलाशिवाय कळत नाही. रुग्णाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

जुलैचा पहिला आठवडा. कोल्हापुरात त्वचेच्या डॉक्टरला वर्षातला सगळ्यात गर्दीचा हाच काळ. पाऊस लागलेला असतो, कपडे वाळत नाहीत, आणि दहातल्या निम्म्यांच्या जांघेत, कमरेत नाहीतर काखेत गोल चट्टे असतात. हा रुग्ण विशीतला. गावाकडं ऊस, इथं तालमीत मुक्काम. कान मोडलेले, मान आणि खांदा एकच. वर्षभरापासून गजकर्ण. चैत्रात जत्रांच्या कुस्त्या सुरू झाल्या आणि तो वाढत गेला.

"डॉक्टर, लई खाजतंय. रात्री झोप न्हाई. सगळं लावून झालं."

सगळं म्हणजे काय ते पिशवीतून निघालं. चार ट्यूबा, चारही पिळून सपाट. दोन तालमीतल्या पोरांनी दिलेल्या, दोन मेडिकलमधून "गजकर्णाचं द्या" म्हणून आणलेल्या. त्यातल्या तीन ट्यूबांत क्लोबेटॅसॉल हे तीव्र स्टेरॉइड, सोबत एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीवरचं औषध. आमच्या धंद्यातली ही रोजची डोकेदुखी. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे कागदावर ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात काय होतं ते त्या पिशवीत दिसत होतं. या मलमांनी दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते आणि माणूस खूश होतो. बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं, कारण तिच्याशी लढणारी त्वचेची प्रतिकारशक्तीच स्टेरॉइडने झोपवलेली असते. मलम थांबवलं की दुप्पट वेगाने परत. चट्ट्याची ओळखही पुसली जाते : कड उठून दिसत नाही, मधलं कातडं पातळ होतं, एका वर्तुळात दुसरं वर्तुळ तयार होतं. पुस्तकातल्या चित्राशी मग काही जुळत नाही.

शिवाय त्याने मध्ये एका डॉक्टरांकडून बुरशीवरच्या टर्बिनाफीनच्या गोळ्या महिनाभर घेतल्या होत्या. फरक नव्हता. यात आश्चर्य वाटलं नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या बहुतेक हट्टी गजकर्णामागे जी बुरशी सापडते, तिला 2020 मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं स्वतंत्र नाव मिळालं. तिच्यातल्या बऱ्याच वाणांमध्ये एका एन्झाइमच्या जनुकात बदल झालेला असतो. टर्बिनाफीन नेमकं त्याच एन्झाइमवर काम करतं, त्यामुळे गोळी पोटात जाते आणि बुरशी जागेवर राहते.

मी लंगोटाच्या पट्ट्याखालचा भाग, जांघा, मांड्या, कंबर, पोट पाहिलं. लाल, खवलेदार, कडेला बारीक पुरळ. जांघेतल्या चट्ट्याच्या कडेवरून ब्लेडच्या बोथट बाजूने खरवडून पापुद्रे काचेवर घेतले, केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब टाकला, पंधरा मिनिटं ठेवून पाहिलं. फांद्या फुटलेले, आडव्या भिंतींनी भागलेले धागेच धागे. स्टेरॉइड लावलेल्या गजकर्णात असंच होतं, काच बुरशीने भरून वाहते. निदान पक्कं. मला बरं वाटलं. गर्दीच्या ओपीडीत काचेवर धागे दिसण्याइतकं समाधान दुसरं नाही.

जाताना त्याने हात पुढे केला. "ह्यो पण हाय. पण ह्यो खाजत न्हाई."

उजव्या हाताच्या आतल्या अंगाला, कोपराच्या थोडं खाली, साधारण सहा सेंटिमीटरचा चट्टा. आजूबाजूच्या कातडीपेक्षा फिकट, कड किंचित लालसर, मध्ये कोरडा. मी पाहिला, बोट फिरवलं आणि वर लिहिलेली ती ओळ लिहिली. माझा तर्क असा : हात उघडा असतो, मलम लावायला सोयीचा, त्यामुळे तिथं स्टेरॉइड जास्त पडलं असणार, खाज दबली असणार. तर्क वाईट नव्हता. पण तो तपासायला एक मिनिट लागलं असतं. बाहेर तीस माणसं बसलेली होती, आणि मुख्य म्हणजे उत्तर माझ्या हातात आधीच आलेलं होतं. त्या चट्ट्याची खरवड मी घेतलीच नाही.

बुरशीवरचं इट्राकोनॅझोल 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणानंतर. ही कॅप्सूल नीट शोषली जायला पोटात आम्ल लागतं. पैलवानाचा खुराक, बदाम, तूप, दूध असा भरभक्कम, आणि त्यावर बरीच पोरं पित्ताची गोळी रोज घेतात. तो घेतच होता. ती बंद केली. मलम म्हणून लुलिकोनॅझोल. यकृताची तपासणी केली. स्टेरॉइडच्या सगळ्या ट्यूबा टाकून द्यायला सांगितल्या, पुढचे आठ-दहा दिवस खाज उसळेल असंही बजावलं. हे न सांगितलं तर रुग्ण तिसऱ्या दिवशी परत मेडिकलच्या काउंटरवर उभा राहतो. लंगोट आणि टॉवेल स्वतःचा, दुसऱ्याचा नाही. गरम पाण्यात धुवायचा. जुलैत ऊन कुठलं, म्हणून इस्त्री मारून घालायचा. आणि मी सांगेपर्यंत कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरायचं नाही. या शेवटच्या अटीवर त्याचा चेहरा पडला. चट्टे अंगावर घेऊन कुस्ती लढली तर समोरच्याला देणार, आणि तो आणखी चौघांना, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

तीन आठवड्यांनी आला तेव्हा खाज जवळजवळ गेली होती. झोप लागत होती. मी खूश, तो खूश. हाताकडे दोघांनीही पाहिलं नाही.

सहा आठवड्यांनी, ऑगस्टच्या मध्यावर, जांघ, कंबर, मांड्या सगळं साफ. फक्त काळसर डाग राहिलेले, ते हळूहळू जातात. जांघेची खरवड पुन्हा घेतली, धागे नाहीत. हातावरचा चट्टा मात्र होता तसाच. उलट स्टेरॉइड बंद झाल्याने त्याची कड आता जास्त उठून दिसत होती.

इथं माझ्या डोक्यात जे आलं ते प्रामाणिकपणे सांगतो. पहिला विचार : औषध अपुरं पडलं, डोस वाढवू. दुसरा : इथली बुरशी वेगळी, इट्राकोनॅझोललाही दाद न देणारी. म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर एकाच औषधाने सगळं बरं झालं आणि एकच जागा राहिली, तरी मी बुरशी सोडायला तयार नव्हतो. आता खरवड घेतली. धागे नाहीत. तरी वाटलं, औषध चालू आहे म्हणून दिसत नसतील.

त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याचे वस्ताद आले होते. साठीच्या पुढचे, पांढरा नेहरू शर्ट, फेटा नाही पण मान फेटा बांधल्यासारखी. हौदात उतरू द्या हे विचारायला आले होते. मी चट्ट्यावर भिंग धरून बसलेलो पाहून म्हणाले, "डॉक्टर, एक सांगू का? रागावू नका."

"बोला की वस्ताद."

"पोरगं हौदातनं वर येतंय तवा सगळ्या अंगाला माती चिकटलेली असती. घामानं. ह्या चट्ट्याला चिकटत न्हाई. झटकली की खाली. मी चार महिनं बघालोय."

मी भिंग खाली ठेवलं.

हौदातली तांबडी माती ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळलेली, घामाच्या अंगाला ती लेपासारखी बसते. जिथं बसत नाही तिथं घाम नाही. जिथं घाम नाही तिथल्या घामग्रंथींना हुकूम देणाऱ्या बारीक नसा काम करत नाहीत. गजकर्णात असं होत नाही. गजकर्ण त्वचेच्या वरच्या मृत थरात राहतो, नसांपर्यंत त्याचा हात पोचत नाही. स्टेरॉइडने कातडं पातळ होतं, फिकट होतं, पण बधिर होत नाही, घामही थांबत नाही. चट्टा आणि नस एकत्र आले की आपल्याकडे पहिलं नाव एकच घ्यायचं असतं, आणि ते मी वस्तादांसमोर घेऊ शकत नव्हतो.

"वस्ताद, जरा बाहेर बसता का? अंग तपासायचंय." ते उठले. अंग तपासायला सहा आठवडे आधी मी कुणाला बाहेर काढलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

मग जे पहिल्या दिवशी करायचं होतं ते केलं. कापसाची बारीक वात. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर लावून दाखवली : असं लागलं की बोटाने जागा दाखवायची. मग डोळे मिटून. छातीवर लावली, त्याने बोट ठेवलं. डाव्या हातावर, बोट ठेवलं. उजव्या हाताच्या चट्ट्यावर लावली. तो बसून राहिला. पुन्हा लावली. "लावा की डॉक्टर," तो म्हणाला. दोन परीक्षानळ्यांत गरम आणि थंड पाणी घेतलं, चट्ट्यावर त्याला दोन्ही सारख्याच. चट्ट्यावरचे केस जवळजवळ नाहीत हेही आता दिसलं. दिसत आधीही होतंच.

नसा. कोपराच्या आतल्या हाडामागच्या खाचेत करंगळीकडे जाणारी अल्नार नस हाताला लागते. पैलवानाचं कोपर म्हणजे सुजलेलं, घासलेलं, मांसाने भरलेलं, त्यामुळे एका बाजूवर विश्वास ठेवायचा नाही, दोन्ही बाजू एकाच वेळी धरून तुलना करायची. डावीकडची सुतळीएवढी, उजवीकडची पेन्सिलीएवढी, आणि दाबल्यावर त्याने हात मागे ओढला. मानेच्या बाजूची, गुडघ्याबाहेरची, घोट्यामागची, सगळ्या पाहिल्या, त्या ठीक. मग करंगळी बाहेरच्या बाजूला पसरून धरायला सांगितलं आणि मी माझ्या बोटाने आत ढकललं. डावी हलेना. उजवी आत गेली. बोटांच्या चिमटीत केसपेपरची पट्टी दिली आणि ओढली, उजव्या हातातून सुटली.

"पकड ढिली झालीय का रे?"

तो गप्प. मग म्हणाला, "चैत्रापासनं. हात सुटतोय. वस्तादांना सांगितलं न्हाई. म्हटलं खुराक कमी पडालाय."

कपडे पूर्ण काढून पाहिलं तर उजव्या कुल्ल्यावर आणखी एक चट्टा, रुपयाच्या नाण्याएवढा, तोही बधिर. त्याला स्वतःला माहीत नव्हता. खाजत नाही आणि दिसत नाही ती गोष्ट कुणाला कशी माहीत असणार? पहिल्या दिवशी जांघ आणि कंबर पाहताना मी तिथून दोन वीत अंतरावर होतो.

दोन चट्टे, दोन्ही बधिर, एक नस जाड आणि तिचे स्नायू कमजोर. निदानासाठी याहून जास्त काही लागत नाही. तरी हाताच्या चट्ट्याच्या कडेचा तुकडा बायोप्सीला पाठवला आणि कानाच्या पाळीतून व चट्ट्यातून चिरा देऊन द्रव काचेवर घेतला. द्रवात जंतू दिसले नाहीत, या प्रकारात बहुतेक वेळा दिसत नाहीत. बायोप्सीत नसांच्या मार्गाने गेलेले पेशींचे पुंजके, आणि त्यांनी गिळलेली एक बारीक नस. कुष्ठरोग, बॉर्डरलाइन ट्युबरक्युलॉइड प्रकारचा. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या हिशेबात पाचपर्यंत चट्टे, जास्तीत जास्त एक नस आणि द्रवात जंतू नाहीत, म्हणजे असांसर्गिक, पीबी (कमी जंतूंचा).

खाज न येणारे, न जाणारे चट्टे इतरही असतात. त्वचेचा क्षय असतो, तोही आपल्याकडे कमी नाही. तो वर्षानुवर्षं एका कडेने पसरत जातो, पण त्याला स्पर्श कळतो. ग्रॅन्युलोमा अ‍ॅन्युलेअर गोल कडेचा असतो, खवले नसतात, स्पर्श शाबूत. सार्कॉइड असतो. चिकित्सकाला ही यादी पाठ असते. मलाही कुणी परीक्षेत विचारली असती तर मी ती न अडखळता म्हटली असती. पण जांघेतल्या खरवडीत धागे दिसल्यावर सगळ्या अंगावरचं सगळं त्या धाग्यांचं झालं. एका माणसाला एकच आजार असावा ही सवय आपल्याला शिकवलेली आहे, आणि बहुतेक वेळा ती उपयोगी पडते. ज्या माणसाला गजकर्ण आहे त्याला दुसरं काही होणारच नाही असं मात्र कुणी लिहून दिलेलं नाही, आणि पावसाळ्यात कोल्हापुरात निम्म्या गावाला गजकर्ण असतो. म्हणजे त्याच्या जोडीने दुसरं काही लपायचं असेल तर याहून चांगली जागा नाही.

त्याला सांगताना मी "महारोग" हा शब्द वापरला नाही, पण "कुष्ठरोग" वापरला. काही डॉक्टर नुसतं "नसेचा आजार" म्हणतात. मला ते पटत नाही, गोळ्यांच्या पाकिटावरून नाहीतर दुसऱ्या कुणाकडून त्याला ते कळतंच, आणि मग तो आपल्यावर विश्वास ठेवत नाही. त्याने विचारलं, "बोटं झडत्यात तो?" म्हटलं, वेळेत गोळ्या घेतल्या तर नाही. आणि बोटं आपोआप झडतही नाहीत. बधिर हाताला भाजलेलं, कापलेलं कळत नाही, जखमा चिघळतात, त्यातून ते होतं. पुढचा प्रश्न : "माझ्यामुळं तालमीत कुणाला झाला असेल?" तुझ्या प्रकारातून पसरण्याची शक्यता फार कमी, आणि गोळ्या सुरू झाल्यावर तीही राहत नाही. तिसरा प्रश्न उशिरा आला, दाराशी : "कुणाकडनं आला?" याचं उत्तर नसतं. जंतू अंगात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. तेव्हा तो शाळेत होता. 2005 च्या शेवटी भारताने कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं जाहीर केलं, म्हणजे दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. त्या घोषणेनंतर आजार संपला असं अनेकांनी ऐकलं, डॉक्टरांनीही. आकडा खाली आला होता, रुग्ण यायचे थांबले नव्हते.

उपचारांत एक विचित्र पेच होता. नस नुकतीच कमजोर झालेली, सहा महिन्यांच्या आतली, म्हणजे ती वाचवायची असेल तर लगेच प्रेडनिसोलोन हवं, 40 मिलिग्रॅमपासून हळूहळू कमी करत बारा आठवडे. म्हणजे ज्या स्टेरॉइडच्या ट्यूबा मी त्याला कचऱ्यात टाकायला लावल्या, तेच आता मी पोटात देणार. त्याने ते पकडलं. "तुम्हीच तर म्हणालता स्टेरॉइड वाईट!" मलम विनाकारण लावलं तर वाईट, इथं नसेची सूज उतरवायला दुसरं काही नाही, एवढंच सांगू शकलो. पण स्टेरॉइड पोटात गेलं की गजकर्ण उसळणार. त्यात कुष्ठरोगाच्या औषधांतलं रिफाम्पिसीन यकृताचे एन्झाइम वाढवून इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी पाडतं. रोज रिफाम्पिसीन घेणाऱ्या क्षयरुग्णाला इट्राकोनॅझोल देणं म्हणजे पाण्यात पैसे. इथं रिफाम्पिसीन महिन्यातून एकदाच, त्यामुळे परिणाम तेवढा नाही, पण मला जुगार नको होता. सुदैवाने सहा आठवड्यांचं इट्राकोनॅझोल नुकतंच पूर्ण झालेलं आणि खरवड स्वच्छ. ते तिथंच थांबवलं, लुलिकोनॅझोल जुन्या जागांवर बारा आठवडे चालू ठेवलं आणि दर पंधरवड्याला जांघ तपासली. एकदा, सहाव्या आठवड्यात, कमरेवर नाण्याएवढी कड उठली. मलम दोनदा केलं, बसली.

कुष्ठरोगाची औषधं त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून, फुकट. तीन औषधं, सहा महिने : महिन्यातून एकदा समोर उभं राहून घ्यायचं रिफाम्पिसीन 600 मिलिग्रॅम आणि क्लोफॅझिमीन 300, रोज घरी डॅप्सोन 100 आणि क्लोफॅझिमीन 50. पूर्वी पीबीला यातली दोनच दिली जात. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये तिन्हींची शिफारस केली. डॅप्सोनआधी हिमोग्लोबिन आणि जीसिक्सपीडी हे रक्तपेशींतलं एन्झाइम पाहिलं. पहिल्या दोन महिन्यांत ताप, अंगावर पुरळ किंवा डोळे पिवळे झाले तर गोळी बंद करून त्याच दिवशी यायचं, हे दोनदा सांगून त्याच्याकडून म्हणवून घेतलं. लघवी एक दिवस लाल होईल, घाबरू नको. क्लोफॅझिमीनने कातडी काळवंडते, याचं त्याला काही वाटलं नाही. "मातीत काय कळतंय," म्हणाला.

कुस्तीचं काय? मातीत उतरायला कुष्ठरोगाची अडचण नव्हती, अडचण होती सुजलेल्या नसेची. सहा आठवडे कोपराला आधार, उजव्या हाताला जोर नाहीत, फक्त बैठका. आणि एक गोष्ट त्याला माहीत नव्हती : पोटात घेतलेलं प्रेडनिसोलोन स्पर्धेच्या काळात वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत निषिद्ध आहे. गावच्या जत्रेतल्या फडात कोण लघवी तपासत नाही, पण त्याला चटईवरच्या निवड चाचण्यांना जायचं होतं. ते वर्ष सोडलं.

वस्तादांना काय सांगायचं, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. "कोपराची नस दबलीय, औषध चालू आहे." हे खोटं नाही. पूर्ण सत्य सांगायचा हक्क त्याचा, माझा नाही. पण तालमीत एका छताखाली वीस-पंचवीस पोरं झोपतात, आणि घरच्यांना तपासायचं तसं त्यांनाही तपासणं गरजेचं. घरी आशाताई गेल्या, आईवडील आणि बहीण तपासली, कुणाला काही नाही. क्षयाची लक्षणं नाहीत हे पाहून त्यांना रिफाम्पिसीनचा एक प्रतिबंधक डोस मिळाला. तालमीत मी एका रविवारी सकाळी गेलो, गजकर्णाची तपासणी म्हणून. वस्तादांनी पोरं ओळीने उभी केली. गजकर्ण भरपूर निघाला, खरवडीच्या काचा संपल्या. कापसाची वात मी प्रत्येकाच्या प्रत्येक चट्ट्याला लावली, आणि कोणी विचारलं नाही का लावतोस म्हणून. सगळ्यांना कळलं. वात कळली म्हणजे इथं बातमी चांगली. माझ्या रुग्णाला मी बाकीच्यांसारखाच ओळीत तपासला. तालमीतल्या पोरांना प्रतिबंधक डोस द्यायचा तर कारण सांगावं लागणार होतं. त्याने अजून हो म्हटलेलं नाही. आरोग्य केंद्रातल्या कुष्ठरोग तंत्रज्ञांनी वर्षभर दर तीन महिन्यांनी तपासणी करत राहायचं ठरवलं आहे. मला हा मार्ग पूर्ण पटलेला नाही, पण त्याच्या पाठीमागून दुसरा काढावा असंही वाटत नाही.

घरी मात्र सांगितलं गेलं, आणि आईला काळजी मुलाची कमी, मुलीच्या लग्नाची जास्त. त्यांना मी दवाखान्यात बोलावून तासभर बोललो. 2019 मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून काढून टाकलं, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "कायदा मुंबई-दिल्लीत, डॉक्टर. सोयरीक गावात."

फेब्रुवारीत सहावं पाकीट संपलं. करंगळी आता माझ्या बोटाला दाबून धरते, डावीपेक्षा उगीच कमी. नस अजून जाड आहे पण दुखत नाही. हातावरचा चट्टा सपाट, कड गेलेली, रंग जवळजवळ कातडीचा. बधिरपणा आहे तसा आहे, तो बहुधा राहणार. गोळ्या संपल्यानंतरही दोन वर्षं नस पुन्हा सुजू शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी यायला सांगितलंय, आणि पकड ढिली वाटली तर तारखेची वाट न बघता.

मागच्या आठवड्यात आला तेव्हा चट्ट्यावर एक लांब ओरखडा होता, कडेने लाल, थोडा पू. हौदात कधी लागलं माहीत नाही म्हणाला, दोन दिवसांनी अंघोळ करताना दिसलं. जखम धुतली, म्युपिरोसिनचं मलम दिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते विचारलं. आता वर आल्यावर आधी तो हात धुवायचा आणि डोळ्यांनी बघायचा, असं ठरलंय. वस्ताद बघतात, म्हणाला. त्याने त्यांना काय सांगितलंय ते मी विचारलं नाही.